3 मिलिमीटरची ऊब

थर्मामीटर सुतळीला बांधून शेततळ्यात सोडला, मनातल्या मनात शंभर आकडे मोजले आणि झटकन वर ओढून बॅटरीच्या उजेडात पाहिला. 16 अंश. डिसेंबरचा शेवटचा रविवार, सकाळचे पावणेसात, पूर्वेला नुकतं तांबडं फुटलेलं. चोपडा तालुक्यातलं आमचं शेत, तळ्याच्या दोन बाजूंना केळीची बाग, तिसऱ्या बाजूला दादर ज्वारी. बांधावर आबा, माझे वडील, घोंगडी पांघरून शेकोटीशी बसलेले. मला नखशिखान्त काळ्या रबरात गुंडाळलेली बघून त्यांनी एकदाच विचारलं, ‘‘एवढा गारठामा पाणीमा उतरस का व माय?’’

मी उतरले. आणि चाळीस मिनिटं पोहले! एक-दोन नाही, चाळीस. मागच्या वर्षी याच तळ्यात, याच महिन्यात मी साध्या पोशाखात सहा मिनिटांत दात वाजवत बाहेर आले होते, आणि त्यानंतर तासभर हातातला कप धड तोंडापर्यंत जात नव्हता. माणूस तेच, पाणी तेच. मध्ये आलं ते फक्त 3 मिलिमीटर जाडीचं रबर. गेले तीन आठवडे मी भेटेल त्याला हेच सांगते आहे. शाळेतल्या स्टाफरूममध्ये सांगून झालं, भाजीवालीला सांगून झालं, आता इथे सांगते.

माझं पोहणं विहिरीतलं. आबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला सातव्या वर्षी विहिरीत सोडलं. खान्देशातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, हिवाळ्यात विहिरीत पोहण्यासारखं सुख नाही. वर अंगणात पाण्याची बादली हात लावू देत नाही आणि विहिरीतून मात्र वाफा निघत असतात. जमिनीत काही हात खाली गेलं की उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही. वर्षभराच्या तापमानाची सरासरी तिथे मुरून बसलेली असते, म्हणून आमच्याकडचं भूजल बाराही महिने 25 अंशांच्या वरच. मेमध्ये ते गार लागतं, डिसेंबरात कोमट. पाणी बदलत नाही, वरचं जग बदलतं.

ती विहीर आटली. कितीतरी वर्षं झाली. आता बोअरचं पाणी शेततळ्यात पडतं आणि तिथून ठिबकला जातं. पाइपातून पडतं तेव्हा तेही कोमटच असतं, पण एवढ्या पसरट, उघड्या तळ्यात थंडीच्या रात्रींत हळूहळू सगळी ऊब आभाळाला देऊन टाकतं. म्हणजे एकाच शेतात, एकाच जमिनीचं पाणी, पण खाली आईच्या कुशीसारखं आणि वर सुरीसारखं. विहीर गेली तेव्हा माझा हिवाळाच गेला होता.

त्यात माझी नोकरी धुळ्यात. धुळ्याची थंडी म्हणजे काय ते राज्यातल्या पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लाट आली की कृषी महाविद्यालयाचा आकडा पहिल्या पानावर, 6 अंश, 5 अंश. तीच गावं मे महिन्यात 44-45 गाठतात. अशा मुलखात पोहणाऱ्याने उघड्या टाकीत काय करायचं? दिवाळीनंतर मी पोहणं बंद करायचे आणि होळीला पुन्हा सुरू करायचे. वर्षातले चार महिने अंगाला पाणी नाही. हे असंच असतं, अशी मी समजूत घालून घेतली होती.

मग मागच्या हिवाळ्यात जळगावचा माझा भाचा मालवणहून एक वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी सूट, घेऊन आला. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करायला मित्रांबरोबर गेला होता. तिथे पर्यटकांना समुद्रात उतरवताना असे सूट घालतात. कुणा ओळखीच्याकडचा जुना, 5 मिलिमीटर जाड, उंच पुरुषाच्या मापाचा. ‘‘मावशी, हा घालून तू बर्फात पोहशील,’’ म्हणाला. मी घातला. खांद्यावर झोळ, कमरेत झोळ, मानेपाशी दोन बोटं सहज जातील एवढी फट. मला वाटलं, बरंच आहे, ऐसपैस आहे.

पाण्यात पहिला हात मारला आणि मानेतून गार पाण्याची धार पाठीच्या कण्यावरून थेट खाली गेली. दुसरा हात मारला, आतलं पाणी बाहेर, नवीन गार पाणी आत. प्रत्येक हाताबरोबर सूट भात्यासारखा उघडत-मिटत होता. आठ मिनिटं टिकले. सहाची आठ, एवढीच काय ती 5 मिलिमीटर रबराची कमाई! मी तो सूट वाळवून परत दिला आणि ठरवून टाकलं की हे सगळं थोतांड आहे.

थोतांड नव्हतं. मला त्यातलं मर्मच कळलेलं नव्हतं. ते कळलं सासूबाईंच्या गुडघ्याच्या पट्ट्यामुळे.

मेडिकलमध्ये मिळतो तो काळा, जाडसर नी-कॅप. जुना होऊन फाटला, मी कचऱ्यात टाकायला घेतला आणि फाटलेल्या कडेकडे लक्ष गेलं. वर-खाली कापडाचा पातळ थर आणि मध्ये काळं, मऊ काहीतरी. विज्ञान शिकवते ना, राहवलं नाही. ब्लेडने कड सरळ कापली आणि शाळेतलं भिंग लावलं. अहो, जाळी! ढोकळ्याची असते तशी, पण कितीतरी बारीक. एकाला एक चिकटलेले बुडबुडे, प्रत्येक बुडबुडा आपापल्या भिंतींत बंद. ढोकळा पाणी शोषतो, कारण त्याची भोकं एकमेकांत उघडतात. याची उघडत नाहीत. कापलेला तुकडा मी वाटीभर पाण्यात रात्रभर दाबून ठेवला. सकाळी वर आला तो तसाच हलका, आणि दाबला तर कापडातलं थेंबभर पाणी तेवढं निघालं. हेच निओप्रीन. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930 साली तयार झालेलं कृत्रिम रबर. ते फुगवून त्यात वायूचे बुडबुडे कोंडले की वेटसूटचं कापड होतं. ज्या वस्तूसाठी मी मालवणकडे बघत होते, ती आमच्या घरात तीन वर्षं सासूबाईंच्या गुडघ्यावर होती!

त्याच संध्याकाळी दोन स्टीलचे पेले घेतले, दोन्हींत चहाच्या आधणाचं पाणी, एकाला नी-कॅपचा तुकडा भिजवून घट्ट गुंडाळला आणि दोन्ही गार पाण्याच्या परातीत उभे केले. दहा मिनिटांनी उघड्या पेल्यात बोट निवांत ठेवता येत होतं. गुंडाळलेल्यात बोट घातलं आणि चटकन काढून घेतलं. भिजलेलं असूनही! मुलांना वर्गात हा प्रयोग करून दाखवला, तर सगळी परातीभोवती गोळा.

भिजूनही ऊब, हेच या सुटाचं गुपित. पाणी हवेच्या जवळपास 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, म्हणून 16 अंशांच्या हवेत आपण नुसता स्वेटर घालून फिरतो आणि 16 अंशांच्या पाण्यात गारठतो. जुने पाणबुडे म्हणून अंगाला पाणी लागूच नये असे कोरडे सूट घालायचे. ते एकदा फाटले की संपलं, सूट पाण्याने भरायचा. 1951-52च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की अंग कोरडं ठेवण्याची गरजच नाही. ऊब राखते ती कापडात कोंडलेली हवा. मग कापड भिजलं तर भिजू दे, हवा कोंडलेली राहिली म्हणजे झालं. मला वाटतं, एवढ्या साध्या वाक्यात एवढं मोठं काही फार थोड्या जणांनी सांगितलं असेल. पुढे जॅक ओ’नील वगैरे लाटांवर खेळणाऱ्यांनी ते थंड समुद्रकिनाऱ्यांवर घरोघर नेलं.

जागोजागी लिहिलेलं असतं की सुटाच्या आत शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने तापतं आणि ते आपल्याला ऊब देतं. मीही हेच धरून चालले होते. नीट विचार केला तर उलटं आहे. ते पाणी तापवायला उष्णता खर्च होते ती आपलीच. एकदा तापलेलं पाणी जागच्या जागी राहिलं, तर खर्च एकदाच. पण ते निसटून गेलं आणि नवीन गार पाणी आलं, तर पुन्हा खर्च, पुन्हा खर्च. त्या उसन्या सुटात माझं नेमकं हेच झालं होतं. 5 मिलिमीटरची भिंत होती, पण दार सताड उघडं!

आणि हे सगळं मला कुणी समजावलं असेल तर ते माझ्या भावाच्या केळीने. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ही केळी थंडीला किती भिते हे केळीवाल्यालाच ठाऊक. पारा 10 अंशांखाली गेला की चरका बसतो. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड भरत नाहीत. मग भाऊ काय करतो? घडाला पिशवी घालतो, ती वरून दांड्याला घट्ट बांधतो. बागेभोवती वारा अडवायला शेवरीचं कुंपण. आणि लाट आली की रात्री पाणी देतो, कारण बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार. त्या पिशवीत कुठे शेगडी आहे? तिच्या आत असते ती थोडीशी न हलणारी हवा. सैल बांधलेली पिशवी वाऱ्याने फडफडत राहते आणि त्या घडाचं काही भलं होत नाही, हे बागेतला पोरगासुद्धा सांगेल. मी मात्र स्वतःला सैल पिशवीत घालून तळ्यात उतरले होते.

तेव्हा यंदा दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आपला सूट घ्यायचा, आपल्या मापाचा. जळगावच्या फुले मार्केटात दोन दिवस फिरले. दुकानदार बिचारे मनापासून मदत करत होते, कुणी रेनकोट दाखवला, कुणी सायकलवाल्यांचे थंडीचे कपडे. अखेर भाच्याने घरबसल्या मागवून दिला. पहिला आला तो चुकला, आणि चूक माझीच होती. आपल्याकडे कपडा घेताना हात आपोआप एक नंबर मोठ्याकडे जातो. वाढत्या अंगाचं घ्यावं, धुतल्यावर आटेल, असं ऐकतच आपण मोठे झालो. वेटसूट घेताना ही सवय घराच्या उंबऱ्यावर ठेवून यायला हवी! तो पाण्यात गेल्यावर आटत नाही, उलट थोडा सैल पडतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या.

दुसऱ्या वेळी शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना बोलावलं. त्यांनी छाती, कंबर, नितंब, आणि गळ्यापासून जांघेपर्यंतची धडाची उंची टेपने घेतली. हे शेवटचं माप मी आधी घेतलंच नव्हतं, आणि सगळी गोम तिथेच. धडाला सूट लांब झाला की कमरेच्या खोलगटीत झोळ पडतो, आखूड झाला की खांदे खाली ओढले जातात. सूट आला तो घालून ताईंसमोर उभी राहिले. त्यांनी पाठीवर, काखेत, गुडघ्यामागे चिमटीत धरून पाहिलं. रबर ताणलं जात होतं, पण सुटं कुठेही येत नव्हतं. हात वर केले, उकिडवी बसले, छातीभरून श्वास घेतला. श्वास पूर्ण घेता आला पाहिजे, आणि गळा घट्ट हवा पण दाबणारा नको. मानेवर दाब आला तर चक्कर येते, तिथे हौस कामाची नाही. कोरड्या घरात हा सूट गुदमरवतो असं वाटतं, पाण्यात गेल्यावर तीच घट्ट मिठी होते.

आणि शिलाई! ताईंनी सूट उलटा करून शिवण पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर तुरपाई आहे.’’ अगदी खरं. स्वस्त सुटांत दोन तुकडे एकावर एक ठेवून आरपार शिवतात, म्हणजे सुईची शेकडो भोकं आणि प्रत्येक भोकातून पाणी. चांगल्या सुटात कडा आधी चिकटवतात आणि मग सुई रबराच्या अर्ध्याच जाडीतून नेतात, साडीच्या फॉलला आपण एकेक धागा उचलत जातो तशी. पलीकडे टाका दिसतच नाही. माझी आई अशी तुरपाई करायची की कुठून शिवलं ते शोधावं लागायचं. जाडी मोजण्याआधी शिवण पाहा, हे मी आता छातीठोक सांगू शकते.

जाडीचंही सांगते. माझ्या सुटाला धडापाशी 3 मिलिमीटर आणि हातांना 2, कारण हात फिरवायचे असतात. पोहणाऱ्याला खांदा मोकळा हवा, नाहीतर प्रत्येक हात रबराशी झगडण्यात जातो. आमच्या 16-18 अंशांना एवढं पुष्कळ होतं. 10 अंशांच्या समुद्रात उतरणारे 5 मिलिमीटरचे सूट, वर टोपी, मोजे, हातमोजे सगळं घालतात. आणि 24 अंशांवर यातलं काहीच नको, उलट आत उकडतं. माझ्या सुटाला वरून कापड नाही, गुळगुळीत रबर आहे. बाहेर आल्यावर पाणी चटकन ओघळून जातं, त्यामुळे बांधावरच्या वाऱ्यात ओल्या कापडासारखा गारवा धरत नाही.

आता यावरून कुणी म्हणेल की खरे पोहणारे सूट घालत नाहीत. बरोबर आहे. पुण्याच्या रोहन मोरेंनी सात समुद्रांच्या सात खाड्या पोहून फेब्रुवारी 2018 मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण केलं, असा पहिला भारतीय. त्या पोहण्याच्या नियमात वेटसूटला जागाच नाही. साधा पोशाख, एक टोपी, चष्मा, बस. त्यांच्यापुढे हात जोडावेत. त्यांनी महिनोन्महिने शरीर थंडीला तयार केलेलं असतं. मला खाडी ओलांडायची नाही, मला माझे चार महिने परत हवे आहेत.

तर तो रविवार. सूट चढवायला वीस मिनिटं लागली. पाय अडकू नये म्हणून भावाने युक्ती केली, केळीच्या घडाची एक पातळ प्लास्टिकची पिशवी माझ्या पावलावर चढवली आणि त्यावरून रबर सर्रकन वर गेलं. मग पिशवी काढून दुसऱ्या पायाला. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी वर सरकवायचं, नाहीतर रबराला चंद्रकोरीच्या आकाराचे काप पडतात. शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने इतका निसरडा असतो की सूट असो नसो, एकट्याने कधी उतरू नये. चारी बाजूंना दोर आणि टायर बांधलेले, एक हवा भरलेली ट्यूब पाण्यात, आणि भाऊ काठावर उभा. त्याशिवाय मी पाण्याला पाय लावत नाही.

पहिलं मिनिट थंडीचंच असतं. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास अडकला. ते शरीराचं उपजत दचकणं आहे, सुटातही होतं. घाई न करता नुसतं तरंगत राहायचं. सूट आपल्याला वर धरतोच, त्यातली हवा उचलते. मानेतून थोडं पाणी आत आलं, छातीवर गार चपटी थाप बसल्यासारखं झालं आणि मी त्या धारेची वाट पाहिली. मागच्या वर्षीची ती धार, कण्यावरून जाणारी.

आलीच नाही.

पहिला हात, दुसरा हात, दहावा हात. आत आलेलं पाणी जिथे होतं तिथेच थांबलं होतं आणि हळूहळू, अगदी हळूहळू ते माझं होत गेलं. पंचविसाव्या हाताला मला ते जाणवेनासं झालं. बोटं बधिर होत होती, गाल जळत होते, पण छाती, पाठ, पोट सगळं उबदार. पालथी पोहताना खाली काळोख आणि श्वास घ्यायला मान वळवली की केळीच्या पानांमागून वर येणारं तांबूस आभाळ. पाण्यावर धुक्याचा हातभर थर आणि त्यातून मी जातेय. मला विहीर आठवली. वर गारठा आणि पाण्यात ऊब! तीस-पस्तीस वर्षांनी तेच सुख परत, आणि या वेळी ती ऊब जमिनीची नव्हती, माझ्याच अंगातली होती.

बाहेर आल्यावर लगेच सूट उतरवला, अंग कोरडं केलं, कानटोपी, स्वेटर, शेकोटी. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होतच राहतं, हात-पायांतलं थंड रक्त आत येतं, म्हणून ताबडतोब गाडीवर बसायचं नाही. भावजयीने गवती चहाचा पेला हातात दिला. तो थरथरला नाही! मग शेकोटीच्या निखाऱ्यात भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, तीन खाल्ल्या. सूट साध्या पाण्याने धुऊन गोठ्याच्या सावलीत जाड हँगरवर टांगला. आमचं ऊन रबराला खाऊन टाकेल, त्याला उन्हात घालणं म्हणजे बुडबुड्यांच्या भिंतींना तडे देणं.

आबा मघापासून त्या टांगलेल्या सुटाकडे बघत होते. उठले, जवळ गेले, बाही दोन बोटांत धरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. ज्यांनी मला पाठीला डबा बांधून पाण्यात सोडलं, ते विहीर आटल्यापासून पोहलेले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वय. त्यांनी घोंगडी खांद्यावरून काढून बाजेवर ठेवली आणि हात आडवे पसरून माझ्यासमोर उभे राहिले.

‘‘मनं बी माप ली ले.’’

टेप पर्समध्येच होता. छाती 36, कंबर 32. मग गळ्यापासून खाली टेप धरला आणि भावाला म्हटलं, दुसरं टोक धर, हेच माप महत्त्वाचं आहे.